वारणेचा ऊस आणि अभ्यासाची चाल

अडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तोड पुढच्या वर्षीच्या गळीत हंगामात, सोळा-अठरा महिन्यांनी. २०२२ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीच्या रानांत जो ऊस लागला, तो तुटायला २०२३ ची अखेर उजाडली. तो उभा असताना, त्याला भरणी होत असताना, पाण्याच्या पाळ्या चालू असताना, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले. मार्च २०२३ मध्ये पाठोपाठ जीपीटी-४ आले. ऊस कारखान्याच्या काट्यावर चढला, तोवर जगभरच्या शाळा, कचेऱ्या आणि न्यायालये या नव्या यंत्राचे काय करायचे, या चर्चेत बुडून गेली होती.

याच विषयावर त्यानंतर कुणी पीएचडीला नाव नोंदवले असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे त्याला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. आधी वाचन, मग आराखडा, मग मार्गदर्शकाची आणि समितीची संमती, मग प्रत्यक्ष गावात किंवा वर्गात जाऊन माहिती गोळा करणे, मग लेखन. यातली कोणतीही पायरी फुकटची नाही. ज्ञान पक्के व्हायला वेळ लागतो, अडसाली उसात साखर भरायला लागतो तसा. पण ज्या वस्तूचा अभ्यास करायचा, ती वस्तूच या वेळात तीनदा बदललेली असते.

ही अडचण कृत्रिम बुद्धिमत्तेबरोबर आलेली नाही. भारतात ती किमान पाव शतक जुनी आहे आणि तिचा फार बोलका इतिहास वारणेच्या खोऱ्यात घडला आहे.

वारणा ही कृष्णेची उपनदी. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून ती वाहते. तिच्या काठी, पन्हाळा तालुक्यात, तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखान्याची उभारणी केली आणि त्याभोवती दूध संघ, बँक, बाजार, शाळा-महाविद्यालये असे एक अख्खे नगर उभे राहिले. वारणानगर हे नाव महाराष्ट्राला साखरेइतकेच तिथल्या बालवाद्यवृंदामुळे आणि कुस्तीच्या मैदानामुळेही ठाऊक आहे.

सहकारी कारखान्याचा सभासद असणे म्हणजे कागदांशी नाते जोडणे. लागण झाली की उसाची नोंद करायची. खत उचलायचे, त्याची नोंद वेगळी. हंगाम सुरू झाला की तोडीच्या परवान्याची वाट पाहायची. कारखान्याचा चिटबॉय केव्हा तोडीची चिठ्ठी देतो, तोडणी मजुरांची टोळी केव्हा येते, यावर शेतकऱ्याचा जीव टांगलेला असतो, कारण तोड लांबली आणि उसाला तुरा आला की वजन घटते. ऊस गेला की काट्यावर किती टन भरला हे कळायला हवे. मग बिल. या प्रत्येक टप्प्यावर एक हेलपाटा ठरलेला. कारखान्याच्या शेतकी कार्यालयात जायचे, कारकून जागेवर असला तर बरे, नसला तर परत यायचे.

१९९८ साली केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी एक राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच वर्षी वारणा खोऱ्यातली ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना आकाराला आली. 'वायर्ड व्हिलेज' असे तिचे इंग्रजी नाव सर्वत्र गाजले. खर्चाचा निम्मा भाग केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा आणि दहा टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली. गावोगावी खोल्यांत संगणक बसले, चालक नेमले गेले. उद्दिष्टे मोठी होती. बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे उतारे, आरोग्य, शिक्षण, नोकरीची माहिती, आणि या सगळ्यावर इंटरनेट. ज्या काळात मुंबई-पुण्यातही इंटरनेटसाठी सायबर कॅफेत तासावर पैसे मोजावे लागत, त्या काळात खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी हे मनात यावे, ही मोठीच गोष्ट होती.

वारणेचे नाव पुढे परिषदांतून आणि अहवालांतून सतत येत राहिले. पण योजना जाहीर होणे आणि तिचा अभ्यास होणे यांत अंतर असते. आराखड्यात जे लिहिले आहे तेच घडले, असे धरून लिहिणे सोपे असते आणि नव्या तंत्राबद्दलचे पहिले लेखन बहुधा तसेच होते. ते लेखन करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. यंत्र गावात येऊन वर्षही झालेले नसते, तेव्हा आराखड्याशिवाय हाताशी असते काय?

मायक्रोसॉफ्ट कंपनीची संशोधन संस्था २००५ साली बंगळूरमध्ये सुरू झाली. तिथले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा हे संशोधक वारणेच्या या संगणक केंद्रांकडे वळले, तेव्हा योजनेला सात-आठ वर्षे होऊन गेली होती. त्यांनी एक साधी पण अवघड गोष्ट केली. या केंद्रांवर प्रत्यक्षात काय चालते, ते पाहिले. शेतकरी तिथे येत होते ते मुख्यतः उसासाठी. नोंद, तोडीचा परवाना, भरलेले वजन, उचललेले खत, मिळायचे बिल. इंटरनेटवरून जगाची माहिती मिळवण्याचा मूळ संकल्प मागे पडला होता आणि संगणक जुने होऊन दुरुस्तीचा खर्च वाढत होता.

मग या संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. संगणकावर जे काम होते, तेच साध्या मोबाइलच्या एसएमएसवर होईल का? सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणकावरची सगळी कामे एसएमएसवर होऊ शकली. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही नवी पद्धत अधिक आवडली. डिसेंबर २००७ मध्ये बंगळूरच्याच एका परिषदेत हा निबंध वाचला गेला. २००९ मध्ये तो संशोधनपत्रिकेत छापून आला.

आता या तारखांशेजारी दुसऱ्या काही तारखा ठेवून पाहाव्यात. आयफोन बाजारात आला जून २००७ मध्ये. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये. व्हॉट्सअॅप २००९ मध्ये. म्हणजे संगणकाची जागा एसएमएस घेऊ शकतो हे शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध होऊन कागदावर उतरेपर्यंत एसएमएसची जागा घेणारी वस्तू जन्माला आली होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि पुढच्या काही वर्षांत खोऱ्यातल्या वस्त्यांवर माणसे यूट्यूब पाहू लागली.

मग हा अभ्यास वाया गेला का? अजिबात नाही, आणि हेच नीट समजून घेण्याजोगे आहे. त्या निबंधातला एसएमएसचा तपशील आज इतिहासजमा झाला आहे. पण शेतकऱ्याला यंत्राकडून काय हवे होते, त्याचे जे उत्तर त्यात आले, ते शिळे झालेले नाही. आपल्या उसाचे वजन, आपली तोड, आपले बिल. २०२२ साली साखर आयुक्तालयाने 'महा-ऊसनोंदणी' हे मोबाइल अॅप आणले, ते याच गरजेवर. तोयामा यांनी पुढे २०१५ साली 'गीक हेरसी' या पुस्तकात आपल्या भारतातल्या वर्षांचे सार मांडले. तंत्रज्ञान माणसांच्या आणि संस्थांच्या मुळातल्या बळाला वाढवते, नसलेले बळ निर्माण करत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. एका तंत्रज्ञान कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाने हे लिहिले, याला वजन आहे. वारणेत कारखाना, सभासद आणि शेतकी खाते यांची घडी आधीपासून बसलेली होती, म्हणून संगणक त्या कामापुरता टिकला. पीकसल्ल्याची आणि आरोग्याची तशी घडी संगणकामागे उभी नव्हती.

वारणेच्या अभ्यासकांना यंत्र बसून गेल्यावर पोचावे लागले. केरळात एका अर्थशास्त्रज्ञाला नेमके उलटे भाग्य लाभले.

रॉबर्ट जेन्सन यांनी १९९६ पासून उत्तर केरळच्या किनाऱ्यावर तारली पकडणाऱ्या नावांची पाहणी सुरू केली. कोळिकोड, कण्णूर आणि कासरगोड या तीन भागांतले १५ किनारे आणि ३०० नावा, दर आठवड्याला, २००१ पर्यंत. या काळात मोबाइल तिन्ही भागांत एकदम आला नाही. कोळिकोडला जानेवारी १९९७ मध्ये, कण्णूरला जुलै १९९८ मध्ये आणि कासरगोडला मे २००० मध्ये आला. त्यामुळे फोन असलेला किनारा आणि नसलेला किनारा शेजारी ठेवून तुलना करता आली. मनोऱ्यांचा टप्पा वीस-पंचवीस किलोमीटर समुद्रात जात असल्याने नावेतूनच बंदरावर फोन लागत होता.

फोन येण्याआधीचा एक दिवस त्यांनी नोंदवला आहे. १४ जानेवारी १९९७, सकाळचे पावणेआठ. वडकरा येथे अकरा नावांना गिऱ्हाईक नव्हते, त्यांनी मासळी फेकून दिली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आत, शेजारच्या किनाऱ्यांवर, २७ गिऱ्हाइके मासळी न मिळाल्याने रिकाम्या हाताने परतत होती. कोकणातला कोणताही मच्छीमार ही वेदना ओळखेल. फोन आल्यावर फेकल्या जाणाऱ्या मासळीचे प्रमाण, जे आधी पाच ते आठ टक्के होते, जवळजवळ शून्यावर आले. मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

हा निबंध छापून आला २००७ मध्ये, पाहणी संपल्यावर सहा वर्षांनी. तो जगभर गाजला. मोबाइल मिळाला की गरिबाचे भले होते, हे सांगण्यासाठी तो असंख्य ठिकाणी पुढे केला गेला. पण जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल या दोन अभ्यासक पुन्हा केरळच्या किनाऱ्यावर गेल्या आणि त्यांनी २०१३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. मासळी कुठे विकायची हे बऱ्याच नावांच्या बाबतीत फोनवरच्या भावाने ठरतच नव्हते. ज्या लिलाववाल्याकडून नावेसाठी, जाळ्यासाठी कर्ज घेतलेले असते, त्याच्याकडेच मासळी उतरवावी लागते. नाव किती मोठी, ती दुसऱ्या किनाऱ्याला लागू शकते का, हेही महत्त्वाचे. जेन्सन यांनी पाहिलेले त्या किनाऱ्यावर, त्या नावांपुरते खरे होते. ते साऱ्या जगाला लावणे ही वाचणाऱ्यांची घाई होती.

दुसऱ्या खेपेला कुणी किनाऱ्यावर गेलेच नसते, तर आपल्याकडे एक सुंदर आकडा उरला असता आणि त्यामागचे कर्ज दिसले नसते. म्हणून पुन्हा त्याच गावी जाणे हे अशा संशोधनातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत उपेक्षित काम आहे. त्याला निधी मिळत नाही, नावीन्य नाही म्हणून पत्रिका ते परत पाठवतात, आणि विद्यार्थी बिचारा नव्या यंत्राच्या मागे धावतो.

केरळच्या किनाऱ्यावर निदान कुणालाही जाता येते. पुढच्या दशकात अभ्यासाची वस्तूच कंपन्यांच्या कुलपाआड गेली.

गूगलने नोव्हेंबर २००८ मध्ये फ्लूचा अंदाज सांगणारी सेवा सुरू केली. लोक तापाबद्दल, खोकल्याबद्दल काय शोधतात त्यावरून साथ कुठे पसरते आहे हे सरकारी आकड्यांच्या आधी सांगायचे, ही कल्पना. २००९ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये तिच्यावर निबंध आला. त्याच वर्षी स्वाइन फ्लूची जागतिक साथ आली. ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तो महिना पुणेकर विसरलेले नसतील. अमेरिकेत त्या साथीची पहिली लाट गूगलच्या यंत्राला नीट ओळखता आली नाही. २०१२-१३ च्या हंगामात तर फ्लूसाठी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांचे प्रमाण त्याने प्रत्यक्षाच्या दुप्पट सांगितले. २०१४ मध्ये डेव्हिड लेझर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये याची कारणमीमांसा केली. त्यातले एक कारण येथे महत्त्वाचे आहे. गूगल आपली शोधपद्धती सतत बदलत होते, शोधताना शब्द सुचवत होते, आणि त्यामुळे लोक काय शोधतात हेच बदलत होते. मोजपट्टी आणि मोजायची वस्तू एकाच कंपनीच्या हातात होती आणि बाहेरच्या कुणालाही तो प्रयोग पुन्हा करून पाहण्याची सोय नव्हती. २०१५ मध्ये ती सेवा बंद झाली.

ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये विद्यापीठांतल्या संशोधकांना महिन्याला एक कोटी ट्वीट मोफत मिळवण्याची वाट उघडली. निवडणुका, साथ, अफवा, द्वेषाची भाषा, अशा कितीतरी विषयांवर जगभर प्रबंध सुरू झाले. कंपनीची मालकी बदलली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मोफत वाट बंद करण्याची घोषणा झाली. फेसबुकवर काय पसरते ते पाहण्याचे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अॅप्सवर बंदी घातली, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायका-पोरांनी, शेतमजुरांनी तिथे उभे केलेले नाचगाण्याचे आणि विनोदाचे एक जग रातोरात नजरेआड झाले. त्या जगाचा अभ्यास कुणाला करायचा असेल, तर आज तो कुठून करणार?

मराठीपुरते बोलायचे तर नुकसान याहून जुने आहे. १९९० च्या दशकात पुस्तके, मासिके, पत्रिका संगणकावर जुळू लागल्या त्या श्रीलिपी, आकृती अशा टंकांवर, आणि अक्षरामागचा संकेत प्रत्येकाचा वेगळा. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. भारतीय मानक संस्थेचा इस्की हा संकेतही त्याच वर्षीचा. पुण्यात सी-डॅकसारखी संस्था याच कामाला लागली होती. तरी रोजच्या छपाईत युनिकोड रुजायला खूप काळ गेला. त्या मधल्या वर्षांतली धारिका आज उघडली की, तो टंक संगणकात नसेल तर, समोर रोमन अक्षरांचा आणि खुणांचा चिखल दिसतो. एकोणिसाव्या शतकातले 'दर्पण'चे अंक आज वाचता येतात, आणि पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळवलेला मराठी मजकूर वाचता येत नाही. मराठीच्या अभ्यासकांनी ही गोष्ट फार कमी वेळा बोलून दाखवली आहे आणि ती खंत वाटावी अशीच आहे.

अभ्यासाची सामग्री अशी हातून निसटत असताना ऊस मात्र पुन्हा पुढे आला आहे. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. रानात संवेदक, हवामान केंद्र, वरून उपग्रहाची छायाचित्रे, आणि पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर. २०२४ मध्ये सुमारे एक हजार शेतकऱ्यांपर्यंत तो न्यायचे ठरले आणि २०२५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला. उत्पादन वाढल्याचे, पाणी वाचल्याचे आकडे गावोगावी पोचू लागले आहेत. ते खरे ठरोत. पण एक अडसाली आणि त्यामागचा एक खोडवा, एवढे तरी पाहायचे म्हटले तर अडीच वर्षे लागतात. पाऊस चांगला झालेले वर्ष आणि ओढ दिलेले वर्ष अशी दोन्ही पाहायची तर आणखी. या अडीच वर्षांत फोनमधले सल्ला देणारे यंत्र अनेकदा बदलेल.

म्हणून या प्रयोगाचा अभ्यास करणाऱ्याने वारणेच्या त्या संशोधकांसारखे आधी रानात बसावे. सल्ला आला तेव्हा वीज होती का, पाणी सोडायची पाळी कुणाची होती, सल्ला न मानणाऱ्याने तो का मानला नाही, घरातला फोन कुणाच्या हातात असतो, हे लिहून ठेवावे. कोणत्या तारखेला यंत्राची कोणती आवृत्ती चालू होती, हेही लिहावे. विद्यापीठांनी पाच वर्षांनी त्याच गावी परत जाणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी आणि पैसे द्यावेत. सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या अॅपची माहिती, माणसांची नावे काढून, संशोधकांना खुली असावी. युरोपीय संघाने २०२२ च्या आपल्या डिजिटल सेवा कायद्यात मोठ्या कंपन्यांकडून संशोधकांना माहिती मिळण्याचा हक्क लिहून ठेवला आहे. भारतातही तो मागायला हवा.

आणि एक विनंती वारणेच्या खोऱ्यातल्या वाचकांना. १९९८ नंतर गावातल्या संगणक केंद्रात ज्यांनी चालक म्हणून काम केले, त्यांच्यापैकी अनेक जण आज पन्नाशीच्या आसपास असतील. कुणाच्या माळ्यावर त्या केंद्राची नोंदवही असेल, तोडीच्या परवान्यांच्या छापील प्रती असतील, एखादी सीडी, एखादा बंद पडलेला संगणक असेल. ते रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा, आणि त्यासोबत तुम्हाला जे आठवते ते चार पानांवर लिहून द्या.